तळाची मूठ

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला म्हसावदच्या बाजारपेठेतून एस.टी. पुढे सरकत नव्हती, कारण आमच्या मिरचीच्या वखारीपुढे रस्ताभर माणसं बसली होती. कुणी काठी टेकत आलेलं, कुणी मुलाच्या पाठीवर, एका म्हातारीला तर खाटेसकट आणलेलं. आणि आत अंगणात, लाल मिरचीच्या ढिगाशेजारी, ब्राह्मणपुरीच्या सरलाबाई पाटील ओलं धोतर पिळत होत्या. दोन्ही हातांनी पीळ देऊन त्यांनी ते असं पिळलं की खालची फरशी भिजली.

"चार वरीस व्हई गयात, ही मूठ मिटनी नव्हती," असं म्हणून त्यांनी मूठ मिटून वर धरली.

बायकांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. चौरंगावर बसलेले धुनीनाथ महाराज डोळे मिटूनच म्हणाले, "आसू येतात ना? पाप गळतंय. शिंका येतात ना? रोग बाहेर पडतोय." लोक आणखी जोरात शिंकले. वास्तविक त्या अंगणात दिवाळीपासून मिरची वाळत होती. तिथे पाच मिनिटं उभं राहिलं तर देवाच्या मूर्तीलाही शिंका येतील. महाराजांनी जागा विचार करून निवडली होती, आणि माझ्या सासऱ्यांनी ती विचार न करता फुकट दिली होती.

माझे सासरे रिखबचंदशेठ तीस वर्षं मिरचीच्या व्यापारात आहेत. त्यांचे गुडघे दुखायचे. आता ते पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते, आणि हे मी स्वतः पाहत होते, म्हणून खोटं तरी कसं म्हणणार?

मी रक्षा. वखारीसमोरचं औषधांचं दुकान माझं. माहेर जालन्याचं, त्यामुळे अहिराणी समजते सगळी, जिभेवर येते अर्धी. चार वर्षं सरलाबाईंच्या संधिवाताच्या गोळ्या माझ्याच दुकानातून जात होत्या. या दुखण्याचा खर्च नुसत्या गोळ्यांचा नसतो. दर दोन महिन्यांनी सुरतेच्या डॉक्टरांकडे जायचं, म्हणजे पहाटे नंदुरबार गाठून रेल्वे पकडायची. सोबत नवरा रतिलालभाऊ, म्हणजे त्या दिवशी केळीच्या बागेत दुसरा माणूस रोजाने लावायचा. तिथे डॉक्टरांची फी, रक्ताची तपासणी, चिठ्ठीवर पुन्हा नवी गोळी. शिवाय बाईचे हात चालत नाहीत म्हणून घरात धुण्याभांड्याला बाई. आणि हे सगळं जन्मभर. मला कुणी विचारलं असतं, तर महाराजांचा धंदा कशावर चालतो ते मी एका वाक्यात सांगितलं असतं. आमच्यासारख्यांच्या बिलांवर चालतो.

त्या दिवशी घरी जाता जाता सरलाबाई दुकानात आल्या. गोळ्या पार बंद केल्या का, म्हणून मी विचारलं. महाराजांची अटच तशी होती. डॉक्टरचं औषध सोडायचं, राखेची पुडी रोज पहाटे घ्यायची, पुडी कुणाला दाखवायची नाही, दुसऱ्याच्या हवेला लागली तर तिची शक्ती जाते. मी त्यांना खूप समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मन्ही पोर कामिनीले नर्सिंगले घालेल शे. तिन्ही फी अन् मन्ह्या गोया, दोन्ही नई व्हत बेटा."

  पण त्यांचा चेहरा मला खटकला. दोन महिन्यांत तो गोल, गुबगुबीत, लालसर झाला होता. हातावर जरा काही लागलं की निळे डाग पडत होते. गाव म्हणत होतं, तब्येत सुधारली. मी औषधशास्त्र शिकलेली आहे, मला वेगळाच संशय आला. पण संशय हा काही पुरावा नव्हे.

पुढच्या रविवारी मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, महाराज, मला राख तपासायची आहे.  महाराज हसले. त्यांनी तांब्याचं घंगाळ माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "घे बेटी, पाहिजे तेवढी घे. राख कुणापासून काही लपवत नसते." मी चिमूट जिभेवर ठेवली. राख होती. पाण्यात टाकून पाहिली. राखच होती. मग मी पुडी मागितली, तर म्हणाले की ज्याने औषध सोडलं त्यालाच पुडी, आणि तू तर औषधावर जगतेस.

लोक खदखदून हसले. मागून कुणीतरी म्हणालं की दुखणं हिच्या दुकानाला झालंय. घरी आल्यावर सासऱ्यांनीही तेच ऐकवलं, फक्त जरा सभ्य शब्दांत. मला ते झोंबलं, कारण त्यांच्या म्हणण्यात अर्धं खरं होतं. औषध विकणाऱ्या बाईने औषध घ्या म्हटलं, तर कोण ऐकणार?

महिना गेला. पुडी सुरुवातीला फुकट होती. मग धुनीच्या लाकडाचे म्हणून आठवड्याला पाचशे रुपये पेटीत टाकावे लागू लागले. ज्यांनी एखादा आठवडा चुकवला त्यांचं दुखणं दुप्पट उसळलं आणि ते महाराजांचे पाय धरून परत आले. श्रद्धा ढळल्याचं फळ, असं महाराज म्हणाले, आणि पुडी फेकाल तर मराल, अशी तंबीही त्यांनी दिली. सरलाबाईंनी मात्र वेगळा विचार केला. हात आता बरे आहेत, कामिनीचा दुसरा हप्ता भरायचा आहे, मग पुडी कशाला? काटकसरी बाई. त्यांनी एका शनिवारी पुडी बंद केली.

गुरुवारी दुपारी रतिलालभाऊ रिक्षातून त्यांना घेऊन माझ्या दुकानापाशी आले. सरलाबाईंची मान लोंबकळत होती.

"उठतच नई शे," भाऊ म्हणाले.  "कालदिनथून उलट्या करी ऱ्हायनी. महाराजकडे लई जाऊ का?"

मी रक्तदाब पाहिला. यंत्रावरचा आकडा इतका खाली होता की मी पट्टा सोडून पुन्हा बांधला. महाराजांकडे नाही, नंदुरबारला, असं मी ओरडलेच असेन, कारण वखारीतून सासरे धावत आले. मिरची वाहणारा आमचा टेम्पो उभा होता, त्यात गादी टाकून आम्ही निघालो. सासरे पुढे बसले. वाटेत एकदा मागे वळून त्यांनी विचारलं की ती श्वास घेतेय ना. मी हो म्हटलं, पण खात्री नव्हती.

सरकारी दवाखान्यात डॉ. धनसिंग पावरा होते. त्यांनी सरलाबाईंचा गोल चेहरा पाहिला, हातावरचे डाग पाहिले, आणि सलाईन लावता लावताच विचारलं, "कुठली पुडी खात होत्या? आणि बंद कधी केली?" पुडीचं नावही कुणी काढलेलं नव्हतं. सासऱ्यांच्या कपाळावर घाम आला.

इंजेक्शन दिल्यावर तासाभराने रक्तदाब वर यायला लागला. मग डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवून सगळं सांगितलं. स्टिरॉइड नावाचं औषध असतं. अगदी स्वस्त गोळी. ती घेतली की सूज उतरते, मूठ मिटते, लंगडा चालतो. डॉक्टरही देतात, पण मोजून आणि लक्ष ठेवून. मनमानी घेतली तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि खरा संधिवात आत सांधे खातच राहतो. सगळ्यात वाईट म्हणजे शरीर स्वतःचं तसलं द्रव्य तयार करायचं विसरून जातं. मग एके दिवशी गोळी अचानक थांबवली की माणूस असा कोसळतो.

"गावात किती जण घेतायत?" त्यांनी विचारलं.

"तीनशे तरी," मी म्हटलं.

"मग नीट ऐका. भोंदूपणा उघडा पाडा, जरूर पाडा. पण लोकांनी रागाने पुड्या फेकल्या, तर पुढच्या आठवड्यात माझ्याकडे अशा किती खाटा लागतील सांगता येत नाही."

 घरी आल्यावर सासऱ्यांनी स्वतःच्या देव्हाऱ्यामागून पुडी काढली, काचेचा पेला घेतला आणि तिथेच बसले. मिरची घेताना ते हेच करतात. शेतकरी पोत्याच्या तोंडाशी चकचकीत मिरची मांडतो. सासरे तिच्याकडे बघतही नाहीत, कोपरापर्यंत हात घालून तळाची मूठ काढतात. वरची मूठ दाखवायला असते, सौदा तळाच्या मुठीवर करायचा, हा त्यांचा मंत्र. तीस वर्षांत एका पोत्याला त्यांनी सूट दिली नाही, सख्ख्या भावाच्यासुद्धा. फक्त महाराजांना दिली.

पेल्यात राख वर तरंगली. खाली पांढरं दूध झालं आणि हळूहळू बुडाला जाऊन बसलं. त्यांनी बोट बुडवून चाखलं. "कडू शे," ते म्हणाले. एवढंच.

रविवारी अंगण नेहमीसारखं भरलं. शाळेच्या ओसरीत डॉ. पावरा दोन परिचारिका आणि रक्तदाबाची यंत्रं घेऊन बसले होते, चौकीवरचे दोन हवालदार चहाच्या टपरीवर.  तीनशे माणसं एकदम पेटली तर आधी कुणाला मारतील आणि पुड्या कुठे टाकतील, एवढंच डोक्यात होतं.

सासरे उठले. त्यांनी दोन पेले पाणी भरून चौरंगावर ठेवलं. एकात घंगाळातली राख टाकली, दुसऱ्यात स्वतःची पुडी. पहिल्यात राख. दुसऱ्यात राख वर, पांढरं खाली. पुढच्या रांगेतल्यांनी माना वाकवल्या.

"ते चांदीचं भस्म आहे," महाराज म्हणाले. "मंत्राने आलं."

"मंग घंगाळमा का नई उनं?" सासऱ्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही. "तीस वरीस व्हयनात महाराज, तळनी मूठ देख्याशिवाय मी पोतं लिधं नई. आते मन्ही वखार मी देखस."

मागची खोली महाराजांना दिलेली, पण कुलूप सासऱ्यांचं होतं आणि दुसरी किल्ली त्यांच्या कमरेला होती. महाराज चौरंगावरून अशा चपळाईने उतरले की त्यांच्या गुडघ्यांचा तरी चमत्कार खरा मानावा लागेल. पण रतिलालभाऊ दारात उभे होते. केळीचे घड वाहिलेला तो माणूस हलला नाही. खोलीतून सासऱ्यांनी एक मिक्सर आणला, आणि मग तिथलंच एक भरलेलं पोतं उचलून सगळ्यांसमोर तळाकडून उलटं केलं. गोळ्यांची रिकामी पाकिटं खळखळत मिरचीवर सांडली. शेकडो. सगळी स्टिरॉइडच्या एकाच गोळीची.

 मग एका माणसाने खिशातून पुड्या काढल्या आणि धुनीत भिरकावल्या. दुसऱ्यानेही फेकायला हात उगारला.

मी चौरंगावर चढले. "फेकू नका," मी ओरडले. "पुडी फेकाल तर मराल." हे वाक्य महाराजांचंच होतं, आणि ते माझ्या तोंडून ऐकून लोक गोंधळून थांबले. तेवढा वेळ मला पुरला. सरलाबाईंचं काय झालं ते मी सांगितलं. पुड्या घेऊन शाळेत चला, डॉक्टर बसलेत, ते हळूहळू गोळी कमी करतील, पैसे लागणार नाहीत, असं सांगितलं.

"आते तिठे तुन्हं दुकान चाली ना?" मागून कुणीतरी विचारलं. मला वाटलं, इथेच सगळं संपलं.

तेव्हा रतिलालभाऊ दारातूनच म्हणाले, "मन्ही बाई हाई पुडी बंद करीसन मरी ऱ्हायनी व्हती. मी देखं." आणि जिचे हात पुडीने बरे झाले म्हणून सगळं गाव धावलं, त्या बाईच्या नवऱ्याचं बोलणं मात्र गावाने ऐकलं. खाटेवरची म्हातारी आधी निघाली, म्हणजे तिची खाट निघाली. मागोमाग रांग लागली. ज्याने धुनीत पुड्या टाकल्या होत्या त्याला मी हाताला धरून नेलं. हवालदारांनी महाराजांना नेलं तेव्हा बघायलाही फारसं कुणी उरलं नव्हतं.

नऊ दिवसांनी सरलाबाई घरी आल्या. बोटं पुन्हा वाकडी, सुजलेली. डॉ. पावरांनी जुनंच औषध पुन्हा सुरू केलं. त्यातलं काही सरकारी खिडकीवर मोफत मिळालं, उरलेलं साध्या नावाचं, जेनेरिक, पूर्वीच्या खर्चाच्या चौथ्या हिश्शात. तपासणी आता नंदुरबारलाच होणार, सुरतेला वर्षातून एकदा. मूठ मिटायला तीन-चार महिने लागतील, आणि पूर्ण मिटेलच असं नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. खऱ्या औषधाची हीच अडचण आहे, ते रविवारी सकाळी धोतर पिळून दाखवत नाही. कामिनीचा हप्ता मात्र भरला गेला.

मी त्यांना भेटायला ब्राह्मणपुरीला गेले. सरलाबाईंनी नव्या गोळ्यांचं पाकीट हातात धरलं होतं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "ही सस्ती गोयी तुले मालूम व्हती ना? मंग माले पयलेच का नई सांगं?"

मला माहीत होतं. चार वर्षं माहीत होतं. चिठ्ठीवर महागडं नाव होतं, मी महागडं पाकीट दिलं, आणि त्यात मला जास्त पैसे सुटत होते. पुडी महाराजांनी दिली, हे खरं. पण बाईला त्या अंगणापर्यंत ढकलण्यात माझ्या बिलांचाही हात होता. मी तसं त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि चहा टाकायला उठल्या, दोन्ही तळव्यांत पातेलं धरून, कारण बोटांत धरवत नव्हतं.

आता माझ्या दुकानात गल्ल्याजवळ एक पाटी आहे. प्रत्येक औषधाचं साधं नाव आणि स्वस्त पर्याय विचारा, असं तिच्यावर लिहिलंय. धंदा थोडा कमी झाला. सासरे म्हणतात, होऊ दे. तुम्हालाही एवढंच सांगणं आहे. तीन दिवसांत सांधे मोकळे करणारा कुणी भेटला, तर पाया पडण्याआधी तळाची मूठ मागा. तो देत नसेल तर उठून या. आणि माझ्या दुकानात आलात, तर माझ्याकडेही मागा.