झेंडा किती लांब

मित्रांनो, हे मी सांगणारच नव्हतो. दोनदा सुरुवात केली आणि गप्प बसलो. कारण गोष्ट नुसती माझी नाही, त्यात दुसऱ्याचं गुपित आहे. आता ते उघडं झालंय, म्हणून सांगतो.

मी एक जुना लेसर आहे. गोल्फ खेळणाऱ्यांचा. दिसायला छोट्या दुर्बिणीसारखा. एक डोळा मिटायचा, दुसरा मला लावायचा, लांबच्या झेंड्यावर नेम धरून बटण दाबायचं. माझ्यातनं किरण निघतो, झेंड्याला लागून परत येतो आणि मी सांगतो, एवढे यार्ड. मग कुठल्या काठीनं चेंडू मारायचा ते खेळणारा ठरवतो. मला एवढंच येतं. ज्याच्याकडं मला धराल त्याचं अंतर सांगायचं.

कारखान्यात माझ्यासारखे ढीगभर जण एका पट्ट्यावर तयार झाले. बाकीचे कुठं गेले काय माहीत. मी आलो साताऱ्यात, सुभेदार नानासोंच्या घरी.

नानासोंना गोल्फचा नाद पलटणीत लागला. रिटायर झाल्यावर त्यांनी चार-पाच माजी सैनिकांना गोळा केलं आणि गावाबाहेरच्या माळावर मैदान केलं. हिरवळ कुठनं आणणार? खड्ड्याभोवती वाळू पसरली, त्यात ट्रॅक्टरचं जळकं ऑईल ओतलं आणि चोपून काढलं. त्याला ते ब्राऊन म्हणतात. झेंडे बांबूचे. पहिल्या खड्ड्याचा झेंडा त्यांच्या बायकोच्या, लीलाबाईंच्या लाल साडीचा. लीलाबाई गेल्या, कापडाचा रंग उडाला, पण नानासोंनी तो झेंडा बदलू दिला नाही. कितीतरी रविवार मी तेवढं अंतर सांगत आलोय.

ते माझे चांगले दिवस होते. काठी उचलायच्या आधी सगळे विचारायचे, "लेसर काय म्हणतोय?" आष्ट्याहून पहिल्या एसटीनं लियाकत यायचा. तो नानासोंच्याच तुकडीतला, आता आष्ट्यात गाड्यांच्या सीटा शिवतो. तो म्हणायचा, "साहेब, तुमच्यापेक्षा ह्यो लेसर बरा. खोटं तरी बोलत न्हाई."

मग एका थंडीत नानासोंचा उजवा हात थरथरायला लागला. सगळ्यात आधी मला कळलं. चहाच्या कपाला नंतर कळलं. माणसांना तर कळलंच नाही, कारण ते हात खिशात घालून बोलायला लागले.

थरथरत्या हातात माझा नेम झेंड्यावरनं घसरायचा आणि मागच्या टेकडीला लागायचा. मी टेकडीचं अंतर सांगायचो. नानासो लांबची काठी घ्यायचे, चेंडू थेट बाभळीत. सगळे हसायचे. नानासो म्हणायचे, "यंत्र बिघडलंय."

मी काय बोलणार? माणसांच्या हातात असताना मला आकडे सोडून काही बोलता येत नाही.

त्यांची लेक दीपमाला बेंगळुरूला असते. तिला त्यांनी फोनवर तेच सांगितलं. ती म्हणाली, "अण्णा, मग घड्याळ घ्या. लेसरला नेम धरावा लागतो. घड्याळ उपग्रहावरनं बघतं, तुम्ही नुसतं मनगटाकडं बघायचं."

"नेम धरायला लागत न्हाई?" नानासोंनी हे दोनदा विचारलं.

"अजिबात नाही."

आठवड्यात घड्याळ आलं. मी कपाटात गेलो, जुन्या पदकांच्या डब्याशेजारी. घरात दुसरं कोण नाही. दुपारी नानासो रेडिओ लावायचे आणि न ऐकताच बंद करायचे. एकदा त्यांनी कपाट उघडून मला हातात घेतलं, थरथर बघितली आणि परत ठेवलं. त्या वेळी आम्ही दोघंही एकटेच होतो बघा.

पुढच्या रविवारी काय वाटलं कोण जाणे, पिशवीत मलाही टाकलं. लियाकत सोडून त्या दिवशी माळावर कोण आलं नव्हतं. नानासोंनी मनगट वर केलं. घड्याळानं बराच वेळ आभाळ शोधलं.

"काय म्हणतंय?" लियाकतनं विचारलं.

"जवळ मैदानच न्हाई म्हणतंय. पुण्याकडचं दाखवतंय."

"मग मारा पुण्याला. लांबची काठी देऊ का?"

नानासो हसले नाहीत. बिचाऱ्या घड्याळाची काय चूक? त्याला नकाशात असलेलीच मैदानं कळतात, आणि हे मैदान या माणसांनी हातानं चोपलेलं. कुठल्या नकाशात असणार?

"ऱ्हाऊ दे रं," नानासो म्हणाले. "खेळ बास झाला आता. काठ्या तू घेऊन जा."

लियाकतनं पिशवीतनं मला काढलं आणि झेंड्यावर नेम धरला. सुई ओवायचा हात त्याचा, जरा हलला नाही. मी सांगितलं.

"एकशे बेचाळीस. चांगला हाय की. बिघडलाय कुठं?" असं म्हणून त्यानं मला नानासोंच्या हातात दिलं आणि बघतच राहिला. मला त्यांच्या हाताची थरथर लपवता आली नाही.

"कवापासनं?" त्यानं हळू विचारलं.

"दिवाळीपासनं."

"आणि मला आज कळतंय व्हय?"

लियाकत पुढं येऊन नानासोंकडं पाठ करून उभा राहिला. "आवं, फायरिंगला रेतीच्या पोत्यावर रायफल टेकायचो का न्हाई? टेका हात खांद्यावर."

"आत्ताच खांदा देतोयस?"

"तुमी आदी टेका. पण फुकट न्हाई. मंगळवारी सांगलीच्या डॉक्टरकडं यायचं."

वारा सुटला होता, झेंडा फडफडत होता. नानासोंनी मनगट त्याच्या खांद्यावर टेकलं. मला तो विटका लाल रंग दिसला. एकशे बेचाळीस.

"येतो," ते म्हणाले.

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू अचानक चुकायला लागली, तर ती टाकून द्यायच्या आधी ती धरणारा हात जरा हातात घेऊन बघा.

मंगळवारी नानासो खरंच सांगलीला गेले. घराला कुलूप, कपाटात अंधार. शेजारी डब्यात आता ते घड्याळही. मधूनच जागं व्हायचं, पत्र्याच्या कपाटातनं आभाळ शोधायचं आणि दमून गप्प व्हायचं. सांजच्याला नानासो आले, गोळ्यांची पुडी आमच्या शेजारी ठेवली आणि लियाकतला फोन लावून म्हणाले, "पोचलो. रविवारी ये."

ते ऐकून मी घड्याळाला म्हणालो, गड्या, तुला या माळावरचं काही दिसत नाही ना? मग रविवारी परत आलो की झेंडा, बाभळ, टेकडी, काय काय किती लांब होतं ते सगळं तुला सांगीन. दर रविवारी सांगीन.