चौथी फुकट फेरी

केबल कंपनीच्या तक्रार विभागात लागून बाईंना जेमतेम दोन महिने झाले होते, पण तेवढ्यात ऑफिसनं त्यांचं नावही पाडलं होतं: म्हणजेकायबाई. नाव पाडणाऱ्यांना फारसा दोष देता येत नाही. तारा ओढणारे, खांबावर चढणारे, घरोघरी बॉक्स बसवणारे, यांतला जो कोणी टेबलापाशी रेंगाळेल त्याला बाई धरत आणि विचारत, स्प्लिटर म्हणजे काय? नोड म्हणजे काय? समोरच्यानं घाईघाईत काहीतरी पुटपुटून काढता पाय घेतला, तर त्या त्याच्यामागे जिन्यापर्यंत जात.

याआधीची वीस वर्षं त्यांनी कापडाच्या दुकानात काढली होती. तिथे सुती कापड हाताला सुतीच लागायचं. इथे सगळा कारभार न दिसणाऱ्या वस्तूचा. ती तारेतून जाते म्हणतात, मध्येच दमते म्हणतात, वाटेत थोडी सांडतेही म्हणतात, पण कोणी ती डोळ्यांनी पाहिलेली नाही. बाईंना याची भारी गंमत वाटायची. कंपनीनं चाळीस शब्दांची एक पुस्तिका दिली होती आणि तिच्यात प्रत्येक अवघड शब्दाचा अर्थ त्याहून अवघड दोन शब्दांत सांगितला होता. बाईंनी एक वही घेतली आणि एकेका शब्दाला आपल्या भाषेत आणायला सुरुवात केली. स्प्लिटर: एका तारेच्या दोन करतो, मात्र दोघींच्याही वाट्याला कमी येतं. नोड: मोठी तार येऊन संपते आणि जिथून घराघराच्या तारा सुटतात ती भिंतीवरची पेटी. बूस्टर: दमलेल्या सिग्नलला जोर देणारा डबा.

असे एकोणचाळीस शब्द शरण आले. चाळिसावा मात्र हटून बसला. ॲटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारा भाग. चित्रात तो अंगठ्याएवढा दिसत होता. दिवसभर फोनवर जो तो सिग्नल कमी आहे म्हणून कावलेला असताना, तो आणखी कमी करायला कोणी मुद्दाम वस्तू कशाला बनवेल? बाईंनी खांबदादांना विचारलं. दादा कंपनीतले सगळ्यांत जुने तंत्रज्ञ, अर्धं आयुष्य खांबावर गेलेले, म्हणून हे नाव. ते म्हणाले, "असतो. लागत नाही." आणि शिडी उचलून चालू लागले.

वहीचं कौतुक बाईंपुरतंच होतं. साहेबांचं लक्ष दुसऱ्याच गोष्टीवर होतं. तंत्रज्ञ जाऊन आला आणि आठवड्याच्या आत त्याच घरातून तीच तक्रार आली, तर आधीची खेप फुकट फेरी धरली जायची. ती लागायची तंत्रज्ञाच्या नाही, फोन घेणारीच्या नावावर. तिनं तक्रार नीट लिहून घेतली नसणार, हा साहेबांचा ठाम समज. नव्या माणसाला तीन फुकट फेऱ्या माफ, चौथीला निरोप. साहेबांच्या नोंदवहीत बाईंच्या नावापुढे अशा दोन फेऱ्यांच्या दोन रेघा पडल्या होत्या. नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यापासून घरात पगार आणणाऱ्या त्या एकट्याच होत्या, त्यामुळे या दोन रेघा त्यांना जेवतानाही दिसायच्या.

दोन्ही रेघा एकाच घराच्या होत्या. एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहत होत्या, त्यांचं चित्र फुटायचं. माणसाच्या चेहऱ्याचे चौकोन व्हायचे, आवाज तुटायचा. पहिल्या खेपेला दादांनी बूस्टर लावला. दुसऱ्या खेपेला त्याहून दांडगा लावला. तिसऱ्या खेपेला त्याची कळ शेवटपर्यंत पिळली. सिग्नल मोजायचा मीटर ते बरोबर नेत नसत. तीस वर्षांच्या डोळ्याला यंत्र कशाला हवं, असं त्यांचं म्हणणं.

सोमवारी सकाळी आजींचा चौथा फोन आला. म्हणजे तिसरी फेरीही फुकट गेली आणि बाईंच्या नावापुढे तिसरी रेघ पडली. आजी मात्र भांडायला बसल्याच नव्हत्या. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना सकाळचा प्राण्यांचा कार्यक्रम लावून दिला की ते शांतपणे चार घास खातात, आणि आता तो दिसत नाही म्हणून तोंड मिटून बसतात, एवढंच त्या सांगत होत्या.

खरं तर 'चित्र फुटते' एवढं लिहून फोन ठेवायची रीत होती. पण बाईंची जित्याची खोड. चित्र कधीच नीट दिसत नाही का, असं त्यांनी विचारलं. तर दुपारी बाराच्या पुढे छान दिसतं, आजी म्हणाल्या. उन्हं उतरली की पुन्हा बिघडतं.

बाईंनी वही जवळ ओढली. पेटीकडे येणारी मोठी तार कुठून जाते? गच्चीवरून, उघड्या उन्हातून. पेटी कुठे आहे? पेटी तर आमच्याच भिंतीला, खिडकीतून हात लागेल एवढ्यावर.

"आणखी एक सांगू का बाळ?" आजी जरा दबकत म्हणाल्या. "बॉक्सच्या मागची वायर अर्धी उपसून ठेवली ना, की चित्र एकदम झक्क येतं. तुमच्या माणसाला सांगितलं तर तो हसला."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी भराभर वहीची पानं मागे उलटली. तापलेल्या तारेत सिग्नल जास्त घटतो, हे त्यांनी स्वतःच्या हातानं वहीत लिहिलं होतं. म्हणजे दुपारी सिग्नल घटतो आणि चित्र सुधारतं. वायर अर्धी उपसली की सिग्नल घटतो आणि चित्र सुधारतं. पेटी हाताच्या अंतरावर, म्हणजे सिग्नल आधीच भरपूर, आणि त्यावर दादांनी बूस्टरचा जोर लावलेला. आजींचं घर उपाशी नव्हतं, त्याला अजीर्ण झालं होतं. अजीर्णावर तीनदा जेवण वाढलं गेलं होतं. तो चाळिसावा भाग लोक कशासाठी बनवतात, ते बाईंना त्या क्षणी कळलं आणि आनंदानं त्यांना खुर्चीत बसवेना.

आनंद ओसरल्यावर भीती आली. हे लिहायचं कोणी? फोनवाल्या बाईनं दुखणं लिहायचं, औषध नाही. आणि अंदाज चुकला तर चौथी रेघ. पण गप्प बसल्या तर दादा तिसरा बूस्टर लावणार आणि रेघ येणारच. बाईंनी चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं: बूस्टर काढावा. ॲटेन्युएटर लावावा. मीटर न्यावा.

चिठ्ठी वाचून दादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तहानलेल्याच्या पुढचा तांब्या काढून घ्यायला सांगताय," ते म्हणाले. बाईंनी वही पुढे केली. दादांनी ती घेतली नाही. तेव्हा बाईंनी दुपारचं ऊन आणि अर्धी वायर, दोन्ही तोंडीच सांगितलं. जाताना मात्र कपाटातून मीटर काढून दादांनी बाहीनं त्यावरची धूळ पुसली.

त्या दिवशी बाईंनी फोन घेतले की फोनांनी बाईंना घेतलं, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. एका गृहस्थांचा पत्ता त्यांनी दोनदा चुकीचा लिहिला. तीन वाजता दादा आले आणि सरळ साहेबांच्या काचेच्या खोलीत शिरले. साहेबांनी बाईंनाही बोलावलं.

टेबलावर तक्रारीचा कागद पडला होता. खाली 'कारण' नावाचा रकाना असतो. तिथे तंत्रज्ञ वर्षानुवर्षं 'ग्राहकाने वायर हलवली' असं डोळे मिटून लिहीत. आज तिथे दादांच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: सिग्नल जास्त होता. न मोजता जोर मी वाढवला. तीन वेळा.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. हे असं लेखी ठेवलं तर वर जाब द्यावा लागेल, त्यापेक्षा नेहमीचं काहीतरी लिहा, असं त्यांनी दादांना समजावून पाहिलं. चित्र तर आता ठीक आहे ना?

"आरशासारखं आहे," दादा म्हणाले. "म्हातारबुवा माझ्यासमोर वाटीभर जेवले. पण त्या तीन फेऱ्या बाईंच्या नावावर नकोत. त्या माझ्या आहेत."

साहेबांनी पेन उघडलं. मग नोंदवही उघडून बाईंच्या नावापुढच्या तिन्ही रेघांवर एक आडवी रेघ मारली आणि ते दादांचं पान शोधू लागले. तीस वर्षांत त्या पानावर काहीच लिहिलेलं नव्हतं. बाईंना सुटल्यासारखंही वाटलं आणि रडूही आलं. दादा त्या पानावर रेघा ओढणाऱ्या साहेबांच्या हाताकडे बघत ताठ उभे होते, आणि तिसरी रेघ नीट उमटली नाही तेव्हा त्यांनीच खिशातलं पेन काढून पुढे केलं.