अव्वा काय म्हणाली

स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या बारीक तड्यावर अंगठा ठेवून शिवप्रियानं काल मोबाईलवर काय काय शोधलं त्याची यादी पुन्हा वर सरकवली — दहा चाळीस, बीपी वाढण्याची कारणं. दहा बेचाळीस, तेच, पण सोप्या शब्दांत. दहा त्रेचाळीस, किडनीच्या रक्तवाहिन्या... मोबाईल मोठा इमानी, एक अक्षर गाळलं नव्हतं त्यानं. आणि त्याच दहा बेचाळीसला हातभर अंतरावर बसलेली म्हातारी जे सांगत होती, त्यातलं एक अक्षर हिच्यापाशी नव्हतं.

म्हातारी महानंदा, कर्नाटकच्या सीमेलगतच्या मुरुमकडची. डोकं गरगरतं म्हणून धाराशिवच्या या मोठ्या दवाखान्यात आणलेली. मराठी समजायची तिला, पण दुखणं सांगायचं म्हटलं की कानडीत शिरायची. म्हणून डॉक्टरकीच्या बॅचमधल्या उत्कर्षनं हसत हसत हा पेशंट शिवप्रियाच्या गळ्यात मारला होता — तुझ्या घरची भाषा, तूच घे हिस्ट्री. घरची भाषा! घरी आई कानडीत बोलायची तेव्हाही ही मोबाईलमध्ये डोकं घालूनच बसायची, हे त्याला कुठं ठाऊक.

काल सर दोन खाटा पलीकडे होते. राउंड जवळ यायला लागला की सगळी बॅचच एप्रनच्या खिशातून हळूच मोबाईल काढायची, विचारला जाईल तो प्रश्न आधीच शोधून ठेवायची. त्यात परवा सर चारचौघांत तिला म्हणाले होते, निदान पाठांतर तरी करून येत जा. रात्रभर तेच कानात. म्हणून तिनं वही मांडीवर घेतली, वहीवर मोबाईल ठेवला, आणि म्हातारी बोलतच राहिली... मध्येच तिनं शिवप्रियाच्या मनगटावर हात ठेवला होता. कुठला हात? उजवा? त्यात जोर होता का? बाई सांगत होती का, की पोरी, हाताला मुंग्या आल्यात, बोटांत काही धरवेना — की आपली नुसतीच घरची, गुराढोरांची काहीबाही गोष्ट? सूर आठवतो. बोलता बोलता आवाज खाली जायचा, तेही आठवतं. आणि मी मान न उचलता म्हणाले ते तर लख्ख आठवतं — हूं अव्वा, हूं.

सरांनी कारणं विचारली. हिनं पाच सांगितली. सर 'गुड' म्हणाले, आणि ही मेली हरखली!

साडेअकराला म्हातारीचं तोंड वाकडं झालं, उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. सगळे धावले. शिवप्रियानं तेव्हा कुणाला सांगितलं नाही, की ही बाई मघाशी माझ्याशी काहीतरी बोलत होती. सांगणार तरी काय? मुंग्यांचं असेल तर उपचाराचा पाऊण तास हातचा गेला होता, आणि तो तिनं घालवला होता.

आज यायचंच नव्हतं तिला; पण हजेरीचा धाक. म्हातारी उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत पडली होती. लेक बसवेश उशाशी. काल तो रक्त तपासायला रांगेत उभा होता. हिला बघून तो लगबगीनं उठला.

"म्याडम, अव्वा लई बोलली म्हनं काल तुमच्यासंगं. ह्या शेजारच्या खाटंवरल्या द्वारकामावशी सांगत्यात. पर त्यास्नी कानडी येत न्हाय. काय म्हनत हुती?"

मी ऐकलं नाही. एवढंच तर म्हणायचं होतं.

"तुमचीच काळजी करत होत्या," ती म्हणाली. "बसवेशनं सकाळपासून काही खाल्लं नाही म्हणाल्या."

बसवेशनं तोंडाला रुमाल लावला, आणि एवढा थोराड माणूस हुंदके देऊन रडायला लागला. मग त्यानं बहिणीला फोन लावला, कानडीत तेच सांगितलं, मामाला लावला, पुन्हा तेच — आणि दर वेळी त्यात थोडी भर पडत गेली... शिवप्रिया खाटेचा दांडा धरून ऐकत राहिली. या वेळी मात्र शब्दन् शब्द कळत होता.

फोन ठेवून तो आईच्या कानाशी वाकला. म्हणाला, जेवलो गं अव्वा, आता काळजी नको करू.

म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. नजर हळूहळू वळवत तिनं शिवप्रियावर आणून ठेवली. तिला सगळं समजत होतं — वाचा गेली तरी समज राहते, सकाळीच सरांनी शिकवलं होतं. आपण काय बोललो होतो ते त्या बाईला पक्कं ठाऊक होतं, आणि काय बोललो नव्हतो तेही. डोळ्यांत राग नव्हता. निदान तसा दिसला तरी नाही. ती नुसती बघत होती.

"बोलायला लागंल ना ती?" बसवेशनं विचारलं.

"लागतील," शिवप्रिया म्हणाली. "वेळ लागतो. पण येते वाचा."

आणि हे म्हणता म्हणताच तिला स्वतःच्या आतला आवाज ऐकू आला, अगदी शांत, स्पष्ट — न येवो.