लहानांनी लावायची नसते

दुकानाच्या काचेत उभे केलेले पुतळे उन्हाने फिके पडतात, आणि सगळ्यात आधी फिके पडतात ते ओठ. म्हणून पुतळे सजवणारा माणूस थोड्या थोड्या दिवसांनी लाल रंगाची डबी आणि बारीक ब्रश घेऊन काचेत शिरायचा आणि उकिडवा बसून एकेकाचे ओठ रंगवायचा. दुकान लहान मुलांच्या कपड्यांचं होतं, तेव्हा पुतळेही कमरेएवढेच. पुतळीला उघड्या पाठीचा झगा, हातात पर्स, पायात उंच टाचांचे बूट. तिच्या शेजारच्या पुतळ्याला कोट आणि टाय. टाय इतका छोटा, की बांधताना सजवणाऱ्याची बोटं एकमेकांत अडकायची.

"गाल जरा गुलाबी कर रे," मालक बाहेरून काचेवर टकटक करून सांगायचा. "पोरगी आजारी वाटतेय."

हा लगेच गाल गुलाबी करायचा. या कामात चांगलं-वाईट असं काही असेल हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. हात बसलेला होता. आणि बायको गेल्यापासून डोकं चालवावं लागत नाही असं तेवढं एकच ठिकाण त्याला उरलं होतं.

बायकोला जाऊन वर्ष होत आलं होतं. घरात तो, त्याची मुलगी, आणि मदतीला येऊन राहिलेली त्याची मोठी बहीण, अक्का. मुलगी पहिलीत होती. नाक बटणासारखं म्हणून आईने तिला बटण म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं.

त्या संध्याकाळी तो घरी आला तर बटण आरशासमोर स्टुलावर उभी. पायात आईचे सँडल, ओठांवर आणि ओठांच्या आजूबाजूला बरीच लांबपर्यंत लिपस्टिक.

"बाबा, बघ! मी कोण?"

त्याचं लक्ष तिच्या तोंडाकडे नव्हतंच, हाताकडे होतं. लिपस्टिक बायकोची होती. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, चष्म्याच्या घरात त्याने ती ठेवली होती. बायको लिपस्टिक नेहमी एकाच बाजूने लावायची. त्यामुळे टोक तिरपं झिजायचं, आणि त्या तिरप्या भागावर मधोमध जराशी खळगी पडायची, तिच्या खालच्या ओठाची. फोटो पुष्कळ होते. पण फोटो कुणीतरी काढलेला असतो आणि आपण त्यात नीट उभे असतो. हे तिने रोजच्या घाईत, न ठरवता केलेलं होतं. तो अधूनमधून टोपण काढून बघायचा आणि परत लावायचा. एवढंच. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय आहे?

त्याने झडप घालून ती हिसकावली. टोक थोडं बोथट झालं होतं, पण तिरपेपणा शिल्लक होता. जीव भांड्यात पडला आणि मग आवाज चढला.

"हात कसा लावलास तू?"

"का?"

आईची आहे म्हणावं, तर ती म्हणणार, मग माझीच ना. आणि तिचं काही चुकलं नसतं. म्हणून तोंडाला आलं ते तो बोलला. "लहान मुलांनी असलं लावायचं नसतं!"

"का नसतं?"

एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना. कातडी खराब होते. मोठं व्हायला अख्खं आयुष्य पडलंय. लोकांना वाटतं ही बाहुली आहे, मुलगी नाही. कुठून सुचत होतं कोण जाणे. गंमत म्हणजे त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. फक्त एकही त्याचं कारण नव्हतं.

बटणने बाहीने तोंड पुसलं. अक्का स्वयंपाकघराच्या दारात हातात चमचा घेऊन उभी होती.

"वा रे भाऊराया," ती म्हणाली. "तुला एवढं बोलता येतं हे मला आज कळलं."

अक्काच्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्या दिवशी बटणला सोडायला गेली तेव्हा तिने शाळेतल्या बाईंना सगळं सांगितलं, आणि बाई नेमक्या असल्याच माणसाच्या शोधात होत्या. वर्गात मुली नखं रंगवून येत होत्या, खांद्यापर्यंत लोंबणारे डूल घालून येत होत्या. एक पोरगा वडिलांचं दाढीनंतर लावायचं पाणी गालाला चोपडून यायचा आणि अख्खा वर्ग शिंकायचा. पालकसभा बोलावली होती, पण बोलायला कुणी तयार नव्हतं. कुणालाही शेजारच्या आईशी वाकडं नको होतं.

"तुम्ही एकट्याने मुलगी वाढवताय," बाई त्याला म्हणाल्या. "तुमचं लोक ऐकतील."

तो नाही म्हणणार होता. पण अक्का शेजारीच उभी होती आणि तिने मान हलवूनही टाकली होती.

सभेत तो तेच बोलला जे आरशासमोर ओरडला होता, फक्त हळू आवाजात. मध्येच त्याला ती खळगी आठवली आणि शब्द अडकला. लोकांना वाटलं, मुलांच्या काळजीने गळा दाटला. दोघी-तिघींनी डोळ्यांना रुमाल लावले.

मागच्या बाकावरून एक बाई उठली. कोपऱ्यावर तिचं ब्यूटी पार्लर होतं. तिची मुलगी बटणच्याच वर्गात होती आणि एकेका नखाला एकेक रंग लावून यायची.

"एक विचारू का?" पार्लरवाली म्हणाली. "त्या दुकानातल्या पुतळ्यांचे ओठ रंगवता ते तुम्हीच ना? माझी पोरगी तिथेच बघून शिकली हो. मी नाही शिकवलं."

कुजबूज सुरू झाली. 

"पुतळे मोठे होत नाहीत," तो म्हणाला. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पार्लरवाली खाली बसली. या वाक्याचा नेमका अर्थ काय हे त्याला स्वतःलाही कळलं नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी ते रंगीत खडूने फळ्यावर लिहिलेलं होतं.

मग ठरलं असं, की लहानांनी असलं लावायचं नाही हेही फळ्यावर लिहायचं आणि वर्गात एक पेटी ठेवायची. ज्याच्याकडे असलं काही असेल त्याने ते आपणहून पेटीत टाकायचं. टाकणाऱ्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. आणि शनिवारी पालकांसमोर पेटी कचऱ्यात रिकामी करायची. पेटी सजवायचं काम अर्थातच याच्या गळ्यात पडलं.

इथे त्याचा बसलेला हात त्याला नडला. माल असा मांडायचा की रस्त्याने जाणाऱ्याचे पाय थांबले पाहिजेत, एवढं एकच तो आयुष्यभर शिकला होता. त्याने खोक्याला सोनेरी कागद लावला, वरच्या फटीभोवती मखमलीची पट्टी चिकटवली, आणि दुकानातला एक जुना छोटा दिवा वर बसवला. पेटी अशी झाली, की त्या फटीत आपलं काहीतरी पडलंच पाहिजे असं प्रत्येक मुलाला वाटू लागलं. ज्यांच्याकडे टाकण्यासारखं काही नव्हतं त्यांनी घरून आणलं. आठवडा संपेपर्यंत बऱ्याच आया आपापली पावडर शोधत होत्या.

शुक्रवारी त्याने चष्म्याचं घर उघडलं. रिकामं.

"बटण!"

ती उड्या मारतच आली. "कळलं तुला? मी टाकली!"

"कुठे टाकली?"

"पेटीत! सगळ्यांनी टाकलं, माझंच राहिलं होतं. बाई म्हणाल्या, जिच्या बाबांनी पेटी केली तिचं काहीच नाही का? मग मी टाकली. सगळ्यात जास्त टाळ्या मला." ती थांबली. "बाबा, तू खूश नाहीस?"

"आहे ना," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"गुणाची गं माझी पोर," अक्का म्हणाली आणि तिच्या गालावरून हात फिरवला. याला जेवण गेलं नाही. अक्का म्हणाली, आनंदाने होतं असं कधीकधी.

शनिवारी शाळेच्या अंगणात कचऱ्याचा मोठा डबा ठेवला होता. मुलं रांगेत, पालक बाजूला. बाईंनी पेटी त्याच्याच हातात दिली. "हा मान तुमचा."

त्याने झाकण उघडलं आणि ती पालथी करण्याऐवजी आत हात घातला.

"अहो, पालथी करा ना सरळ," बाई म्हणाल्या.

"करतो, करतो."

पावडरचे डबे, तुटके कंगवे, कुणाच्या तरी वडिलांचं घड्याळसुद्धा. आणि तळाशी ती. त्याने मूठ मिटली, मूठ हळूच खिशाकडे नेली.

"खिशात काय घालताय?" पार्लरवाली म्हणाली. तिचे डोळे त्याच्यावरून हललेच नव्हते.

 त्याने रांगेकडे पाहिलं. बटण हनुवटी वर करून उभी होती, सगळ्यांत पुढे. मुलीची आहे म्हटलं तर तिच्या टाळ्या गेल्या. गेलेल्या बायकोची आहे म्हटलं तर पुन्हा ते रुमाल निघणार, आणि या लोकांसमोर त्याला तिच्यावरून रुमाल नको होते.

"माझी आहे," तो म्हणाला.

"काय तुमचं आहे?"

"लिपस्टिक."

आधी मुलं हसली, मग मोठी. पार्लरवालीने मान वाकडी करून त्याच्या मुठीतून डोकावणारं टोपण पाहिलं. "रंग छान निवडलात हो. तुम्हाला उठून दिसेल."

बाई गोंधळल्या. "पण आपला नियम..."

"नियम लहानांसाठी आहे, बाई. मी मोठा आहे."

भाषण त्याचंच होतं, तेव्हा नियमाचा अर्थही त्याचाच धरावा लागला. अक्काने कपाळावर हात मारून घेतला आणि ती भाजी आणायची म्हणून बाजाराच्या दिशेने निघून गेली.

त्याने कडेला जाऊन टोपण काढलं. तिरपं टोक नव्हतं. खळगी नव्हती. नळीच्या तळाशी लाल रंगाचा सपाट थर होता आणि त्यात कुणाच्या तरी नखाची खूण.

"टाकायच्या आधी सगळ्यांनी एकेकदा लावून बघितली," पार्लरवालीच्या मुलीने त्याला माहिती दिली. "बाई फळा पुसत होत्या ना, तेव्हा."

रस्ताभर बटण त्याच्याशी बोलली नाही. घरी आल्यावर तिने दप्तर आपटलं.

"तू खोटं बोललास. ती तुझी नव्हती. आईची होती."

"हो."

"मग तसं सांगायचं ना!"

तो स्टुलावर बसला. "तिच्या टोकाला आईच्या ओठाचा आकार होता. मी तो काढून बघायचो. तो जाईल म्हणून तुझ्यावर ओरडलो. कातडी-बितडी सगळं खरं आहे, पण त्यासाठी नव्हतो ओरडलो."

बटणने यावर विचार केला. "कसा आकार?"

त्याने बोट तिरपं धरलं. मग दुसऱ्या बाजूला तिरपं धरलं. जमेना.

"तुला नाही येत," ती म्हणाली. "आई आधी या कोपऱ्यातून सुरू करायची. मग तोंड माशासारखं. मग तुला ओरडून सांगायची, झालं हं, झालं. पण झालेलं नसायचंच. खालचा ओठ तर नंतर."

इतकी वर्षं तो बूट घालून दाराबाहेर उभा राहिला होता, बायको कुठे अडली म्हणून चरफडत. आत काय चालतं हे त्याने एकदाही बघितलं नव्हतं. बटणने बघितलं होतं, पलंगावर बसून, रोज.

"लावून दाखव," तो म्हणाला आणि नळी पुढे केली.

तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "मला नाही चालत. मी लहान आहे."

"आजच्या दिवस."

"नाही. फळ्यावर लिहिलंय."

मग तिलाच उपाय सुचला. तिने नळी घेतली, करंगळीने तळाचा रंग खरवडला आणि दुसऱ्या हाताने त्याची हनुवटी पकडली. "तोंड उघड. एवढं नको. माशासारखं सांगितलं ना?"

करंगळी गार होती. ती कोपऱ्यातून सुरू झाली, डाव्या, आणि अजिबात घाई न करता वरच्या ओठावरून पलीकडे निघाली. दार वाजलं. अक्का भाजीची पिशवी घेऊन आत आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"अगं बाई! आता घरीसुद्धा?"

तो उठायला गेला.

"हलू नकोस," बटण म्हणाली. "आत्या, तू थांब जरा. खालचा ओठ राहिलाय."

अक्काने पिशवी खाली ठेवली. त्याने खालचा ओठ पुढे केला.