तापलेल्या ताऱ्यावरचा बर्फ

मित्रांनो, मी एक जुना अवरक्त वर्णपटमापक आहे. नाव ऐकून घाबरू नका. डोळ्यांना न दिसणारी ताऱ्यांची ऊब मी चाळतो आणि तिथे काय काय आहे ते रेघांनी लिहून पाठवतो. अंतराळातल्या दुर्बिणीच्या पोटात माझे घर आहे. आणि मी डूख धरतो, हेही आधीच सांगून टाकतो.

मला जोडले ते ताईंनी. साऱ्या कार्यशाळेच्या त्या ताई. माझ्या आरशाजवळ येताना त्या श्वाससुद्धा रोखून धरत. उड्डाणापूर्वी मला निर्वात कोठीत बारा दिवस मंद शेकायचे, असा नियम होता. त्याने गोंदात आणि वायरींत मुरलेला ओलावा निघून जातो. सहाव्या दिवशी मोठे साहेब आले.

"काढा बाहेर. तारीख चुकली तर माझं नाक कापलं जाईल."

"साहेब, ओलावा राहिला तर वर गेल्यावर आरशावर बर्फ धरेल."

"ताई, तुम्ही स्क्रू आवळा. विचार करायला मी आहे ना?"

वर गेल्यावर अगदी तसेच झाले. साहेबांनी मला एका लांबच्या ताऱ्याकडे वळवले आणि माझ्या वर्णपटात बर्फाची रेघ उमटली. बर्फ माझ्याच आरशावर होता. साहेबांना वाटले, ताऱ्याभोवती बर्फाचे कडे सापडले! टाळ्या झाल्या, मुलाखती झाल्या. पुढे थर वाढून उजेड मंदावला, तेव्हा साहेब म्हणाले, "ताईंनी आरसा नीट पुसला नव्हता." सतरा वर्षे राबलेल्या ताईंना गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. याचे उट्टे काढायचेच, असे मी ठरवले.

पण मला ना हात, ना तोंड. दिसते ते लिहायचे, एवढेच मला येते. दर महिन्याला एका साध्या, धगधगत्या ताऱ्याकडे वळवून माझी परीक्षा घ्यायची असते; तिथे काय दिसायला हवे ते आधीच ठाऊक असते. साहेब ती टाळत, कारण त्यांना सतत आपलाच तारा बघायचा असे. मी वाट पाहत राहिलो.

दोन वर्षांनी पाहुण्यांसमोर माझे प्रात्यक्षिक ठरले. माझा उजेड मंदावलेला, म्हणून साहेबांना ठळक तारा हवा होता. घाईत त्यांनी नेमका तोच परीक्षेचा तारा निवडला. मला कोण आनंद झाला! बर्फाची रेघ मी मागच्या रांगेलाही दिसेल अशी लिहिली.

एक म्हातारे खगोलशास्त्रज्ञ चष्मा पुसत म्हणाले, "अहो, हा तारा म्हणजे नुसती भट्टी. तापल्या तव्यावर बर्फ कुणी ठेवला?"

सभागृहात हशा पिकला. साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला.

शेवटी ताईंना गोदामातून बोलावणे गेले. त्यांनी माझ्या आरशामागचा हीटर हळूहळू तापवायला लावला. बर्फ उडून गेला, आणि साहेबांच्या ताऱ्याभोवतीचे कडेही गेले.

"ताई, झालं गेलं विसरा," साहेब पुटपुटले.

"विसरेन की. आधी त्याच सभागृहात सांगा, आरसा मी स्वच्छ पुसला होता."

साहेबांना ते सगळ्यांसमोर सांगावे लागले. ताईंनी त्यांना माफ केले. मी केलेले नाही.

मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या, आणि ती घेणाऱ्यांचे ऐका. आता मी थकलो आहे, लवकरच मला बंद करतील. तोवर दुर्बीण अधूनमधून साहेबांच्या त्या ताऱ्याकडे वळते. तिथे बर्फ नाही. तेवढे मी दर वेळी अगदी स्वच्छ अक्षरात लिहून पाठवतो.