अंगठाछाप वच्छला

मार्कंड्याच्या जत्रेत त्या वर्षी देवळापेक्षा जास्त गर्दी नेत्रबाबाच्या मांडवात होती. मी गावचा मास्तर. चमत्कारांवर माझा काडीचा विश्वास नाही, पण गर्दी दिसली की पाय तिकडे वळतातच.

बाबाशेजारी त्याचा चेला रामाजी बसला होता. बोलता बोलता त्याचे डोळे घट्ट मिटत. "समाधी लागली!" म्हणून लोक पाया पडत.

आमच्या गावच्या वच्छलाचे डोळेही अगदी तसेच मिटायचे. पण ती पडली बाई! तिच्या मिटण्याला समाधी कोण म्हणणार? "डोळे मारते" म्हणून गावाने तिला नावं ठेवली. बिचारीने धानाच्या रोवण्याला जाणं सोडलं, हळदीकुंकू सोडलं, रात्रीची झोपही गेली. शेवटी नवरा पत्रूने तिला बाबापुढे आणून बसवलं होतं. लहानगी दिव्यानी तिच्या पदराला धरून होती.

"हिच्या पापणीवर बाहेरची बसली हाये!" बाबा गरजला. वच्छलाच्या कानशिलावर त्याने अंगठा दाबला, काहीतरी पुटपुटला, आणि तिचे डोळे टक्क उघडले. जयजयकार झाला. तेवढ्यात कोणीतरी नारळ पुढे केला. बाबा नारळ काही सोडणाऱ्यातला नव्हता. त्याने हात काढताच डोळे पुन्हा मिटले.

"पाह्यलं? हात काढला का ते परत येते! पुढच्या जत्रेपर्यंत हिले आश्रमात ठेवा."

पत्रूने मान डोलावली. वच्छला रडू लागली. "माही पोरगी लहान हाये जी. तिले सोडून कशी राहू?"

"अंगठाछाप बाई तू, तुले काय समजते?" बाबा खेकसला.

माझं डोकंच फिरलं. पण माझ्याआधी चंद्रपूरच्या डॉक्टर हाजराबाई पुढे झाल्या. जत्रेत त्यांचं डोळे तपासणीचं शिबिर होतं.

"वच्छलाबाई, रडू नका. जरा तुमचाच अंगठा लावा तिथं. मंत्र-बिंत्र काही नको."

वच्छलाने भीत भीत अंगठा लावला. डोळे उघडले!

"मंग माह्या अंगठ्यातबी बाबा हाये का जी?" तिने भाबडेपणाने विचारलं. मांडव खो खो हसला.

"बाबा नाई, बीमारी हाये," हाजराबाई म्हणाल्या. "मेंदूचा हुकूम चुकतो अन् पापण्या आवळतात. काही जणांले कानशील दाबलं का घडीभर आराम पडते. अंगठा कोणाचाबी चालते! झोप उडणं, जीव घाबरणं, रडू येणं, हेबी याच बीमारीसंगं येते, बायांले जास्तच. वरून तुमचे टोमणे! नागपूरले पापणीत इंजेक्शन देतात. काही महिने डोळे चांगले राहतात, मंग परत घ्या लागते."

मग त्या चेल्याकडे वळल्या. "रामाजी भाऊ, उन्हात जास्त मिटतात का डोळे?"

"लई मिटतात जी," रामाजी ओशाळला. "पण लोक पाया पडून राह्यले, मंग मी काऊन बोलू?"

बाबाने तेवढ्यात मांडवाच्या मागच्या बाजूने काढता पाय घेतला. नारळ मात्र न विसरता नेला.

आजार एकच. बाप्याला समाधी, बाईला बाधा! हा फरक कोणत्याही देवाने केला नाही, आपण केला. म्हणून सांगतो, कोणाचे डोळे मिटू लागले तर डॉक्टर गाठा, आणि आपले धड असतील तर ते उघडे ठेवा.

संध्याकाळी एसटीत पत्रू खाली मान घालून नागपूरच्या गाड्या विचारत होता. वच्छलाचा एक हात कानशिलावर होता, दुसऱ्याने तिने मांडीवरच्या दिव्यानीला धरलं होतं. कितीतरी दिवसांनी ती लेकीचं तोंड डोळे भरून पाहत होती.

"मास्तर," ती हसली, "अंगठाछाप म्हणून हिणवलं मले त्या बाबानं. पाहा, आला का नाई अंगठाच कामी?"