माझ्या पोटात बर्फ

मित्रांनो, मी एक जुनं दगडी कुंड आहे आणि परवाचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

वसईतल्या केळीच्या वाड्यांमधल्या एका जुन्या चर्चमध्ये मी उभं आहे. पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवलं ते बाळांच्या बाप्तिस्म्यासाठी. फादर माझ्यातलं पाणी बाळाच्या माथ्यावर ओतत. बाळ दचके, ओठ काढी आणि मग सगळं चर्च दणाणून सोडी. दुधाचा वास येणाऱ्या त्या ओल्या टाळूंइतकं मऊ मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

पुढे शेजारी मोठं, नवं चर्च झालं. तिथे नवं कुंड आलं आणि जुन्या चर्चचा हॉल झाला. इथे आता मुलं अभ्यासाला बसतात, बायका शिवण शिकतात, कधी प्रार्थनाही होते. मला बरंच वाटलं. ओसाड पडण्यापेक्षा गजबज चांगली. फक्त माझी ओळख कोणी कोणाला करून दिली नाही.

परवा इथे साखरपुडा होता. "थंड्याच्या बाटल्या कुठं ठेवायच्या रे?" कोणीतरी ओरडलं.

"तो दगडी टब काय शोभेला आहे? टाक त्यात!"

हे कोण बोललं? जेन्सन! ज्याचा इवलासा माथा मीच भिजवला होता, तो! माझ्यात बर्फाची लादी आदळली. तिच्यावर हातोडी बसली. बर्फ फुटला आणि मलाही तडा गेला.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, जेन्सनच्याच लेकीचा बाप्तिस्मा होता. त्याची आई अडून बसली होती, "आपल्या घरातलं प्रत्येक पोर जुन्या कुंडापाशीच भिजलंय. हीपण तिथंच." फादरनी मानलं. सून जागृती बाळाला घेऊन माझ्यापाशी आली. माझ्यात पाणी ओतलं, तर ते तड्यातून भळभळा जमिनीवर!

"अगं बाई! हे कोणी केलं?" जेन्सनची आई ओरडली.

जेन्सन पांढराफटक पडला. "मम्मी... हेच ते कुंड?"

"मग? तुला काय मोरी वाटली?"

तो नव्या सुटासकट गुडघ्यांवर बसला आणि खालून दोन्ही तळवे तड्यावर घट्ट दाबून धरले. "करा फादर, लवकर करा." त्याच्या बाह्या भिजत होत्या. वर बाळ दचकलं, ओठ काढला आणि रडलं. किती वर्षांनी ऐकलं मी ते रडणं!

मित्रांनो, जुन्या चर्चचा हॉल खुशाल करा. तिथे शिका, नाचा, जेवा. पण जुन्या वस्तूत काही टाकण्याआधी एवढंच विचारा, "हे कशाचं आहे?" माझा तडा काही भरून येणार नाही. पण ते दोन तळवे मला अजून खालून जाणवतात.